ऑनलाइन घेतलेला शर्ट, गोव्याची हवा आणि गावातला टेलर

दहा वर्षांपूर्वी फोंड्यात चांगला लिननचा शर्ट हवा असेल तर पणजीला १८ जून रस्त्यावर जायचं, नाहीतर मुंबईहून कुणी येणार असेल त्याला सांगून ठेवायचं. आज ४०३ ने सुरू होणारा पिन टाकला की डिचोलीच्या वाड्यावरही पार्सल येतं. पण त्यातले निम्मे कपडे वर्षभरात कपाटाच्या मागच्या रांगेत जातात. कुठे खांदा लटकतो, कुठे पँट आखूड होते, कुठे श्रावणात कॉलरवर काळे ठिपके येतात. कपडा वाईट होता असं दर वेळी नसतं. बऱ्याचदा तो अर्धाच तयार होऊन आपल्याकडे आलेला असतो आणि उरलेलं अर्धं काम, म्हणजे माप, टेलर आणि कपाट, आपण केलेलंच नसतं. ते कसं करायचं, ते इथे क्रमाने सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण यातल्या दोन पायऱ्या उलटसुलट झाल्या तर पैसे गेलेच म्हणून समजा.

आधी आपलं माप

साईझचं अक्षर बाजूला ठेवा. एका कंपनीचा ‘एम’ दुसऱ्या कंपनीच्या ‘एल’ला भारी पडतो. पँटच्या लेबलवर ३४ असतं आणि टेप लावला की कंबर साडेपस्तीस निघते. घालणाऱ्याला आपण बारीक झाल्यासारखं वाटावं म्हणून कंपन्या हे मुद्दाम करतात. त्यामुळे ‘मला नेहमी चाळीसच लागतो’ या भरवशावर ऑर्डर देऊ नका.

शिवणकामाचा मऊ टेप घ्या. घरातला तुमच्या अंगाला सगळ्यात चांगला बसणारा शर्ट बटणं लावून टेबलावर सपाट पसरा. सुरकुत्या हाताने काढा, पण कापड ताणू नका. आता एका मुंढ्याखालच्या शिवणीपासून दुसऱ्या मुंढ्याखालच्या शिवणीपर्यंत मोजा. त्याची दुप्पट म्हणजे त्या शर्टाची छाती. पाठीवर खांद्याच्या एका शिवणीपासून दुसरीपर्यंतचं अंतर म्हणजे खांदा. खांद्याच्या शिवणीपासून कफच्या टोकापर्यंत बाही. पाठीमागे कॉलरच्या मुळापासून खालच्या दुमडीपर्यंत उंची. कॉलर उघडून सरळ पसरायची आणि बटणाच्या मध्यापासून काजाच्या लांबच्या टोकापर्यंत मोजायची. मुंढ्याची उंचीही घ्या. हे माप बहुतेक लोक गाळतात, पण बाही वर केल्यावर सगळा शर्ट कमरेतून ओढला जातो की नाही, ते यावर ठरतं.

पँटचंही असंच. कंबर हुक लावून सपाट मोजा आणि दुप्पट करा. मांडी आसनाच्या (दोन्ही पाय जुळतात तिथल्या) शिवणीपासून एक इंच खाली मोजा. मोहरी (पायाची खालची रुंदी), आतल्या शिवणीची लांबी आणि आसन. पुढच्या बाजूने आसनाच्या चौकापासून बेल्टपट्टीच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे पुढचं आसन. पोट थोडं सुटलेल्या माणसाची पँट बसत नाही तेव्हा खरी चूक बऱ्याचदा आसनात असते आणि दोष कमरेला दिला जातो. आसन कमी असलं की पट्टी पोटाखाली घसरते, मग माणूस एक साईझ मोठी घेतो आणि ती मागून फुगते.

यानंतर अंगाचं माप. छाती काखेखाली सगळ्यात भरलेल्या जागी, हात खाली सोडून, श्वास नेहमीसारखा ठेवून. कंबर एकदा उभं राहून आणि एकदा जेवल्यावर खुर्चीत बसून. दोन्हींत इंचभर फरक पडतो आणि दिवसातला बराच वेळ आपण बसलेलेच असतो. हे सगळं इंच आणि सेंटिमीटर दोन्हींत फोनवर लिहून ठेवा, कारण तक्ते दोन्ही प्रकारचे असतात. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर.

आता सैलपणाचा हिशेब. अंगाची छाती ४० इंच असेल तर साध्या फिटिंगच्या शर्टाची छाती ४४ इंच हवी, सपाट मोजली तर २२. स्लिम फिट म्हणून जे विकतात त्यात हा सैलपणा दोन-तीन इंचांवर येतो. दिल्लीच्या डिसेंबरात ते चालतं. इथे मे महिन्यात कदंबाच्या बसमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्याच्या पाठीला तो शर्ट चिकटतो, काखेत ओल धरतो आणि तिथेच आधी पिवळा पडतो. माझं स्पष्ट मत आहे की गोव्यात चार इंचांपेक्षा कमी सैलपणाचा पूर्ण बाहीचा शर्ट घेऊ नये. अंगात आणि कापडात हवा खेळायला जागा हवी.

वर्णनात काय शोधायचं

साईझ तक्ते दोन प्रकारचे असतात. एकात तयार कपड्याचं माप असतं, दुसऱ्यात तो ज्या अंगासाठी आहे त्या अंगाचं. कुठला तक्ता आहे ते वर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर विक्रेत्याला विचारा. ‘४० साईझची काखेपासून काखेपर्यंतची सपाट रुंदी किती?’ या एका प्रश्नाला आकड्यात उत्तर देणारा विक्रेता साधारणपणे पुढेही नीट वागतो. ‘सर, ट्रू टू साईझ आहे’ असं उत्तर आलं तर मी ती खरेदी सोडतो.

पुढचं कापड. धाग्यांची पाणी धरण्याची ताकद ठाऊक असली की निवड सोपी होते. प्रमाणित हवेत सुती धागा स्वतःच्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरतो, लिनन बारा टक्क्यांच्या आसपास, आणि पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. घाम कापडात जातो की कातडीवर साचून राहतो, ते या आकड्यांवर ठरतं. म्हणून ‘कॉटन फील’, ‘लिनन लुक’, ‘रिच कॉटन’ असले शब्द दिसले की थेट घटकांच्या ओळीवर जा. तिथे टक्केवारी हवी. ६० टक्के पॉलिस्टर असलेल्या कापडालाही ‘लिनन लुक’ म्हणता येतं. ताण धरणारं दोन-तीन टक्के इलॅस्टेन पँटमध्ये मला चालतं, शर्टात नको. व्हिस्कोस अंगाला थंड लागतो, पण ओला झाल्यावर कमजोर पडतो आणि आटतो. आमच्या पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात, तेव्हा तो जपून घ्यावा.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. गोव्यासाठी सुती शर्ट १०० ते १३० जीएसएम, लिनन १२० ते १५०, रोजची सुती पँट २०० ते २५० असं धरून चालतो. जीन्सचं वजन चौरस यार्डाला औंसांत सांगतात; ती हवीच असेल तर दहा औंसांच्या आसपासची घ्या. चौदा औंसांची जुलैत वाळत नाही आणि न वाळलेल्या जीन्सचा कुबट वास तिच्या शिवणीत कायमचा बसतो. सुताच्या काउंटचा आकडा जितका मोठा तितका धागा बारीक. ४० काउंटचं कापड दणकट, ८० किंवा १०० काउंटचं दोन पदरी धाग्याचं कापड मऊ आणि तलम. शंभर काउंटचा एकपदरी शर्ट हातात छान लागतो, पण कॉलरच्या घडीवर लवकर विरतो.

विणीत माझी पसंती साध्या पॉपलिनला, लिननला आणि सीअरसकरला आहे. सीअरसकरला विणतानाच चुण्या पडलेल्या असतात, त्यामुळे तो अंगापासून सुटा राहतो आणि इस्त्रीही मागत नाही. हातमाग किंवा खादी घेत असाल तर हँडलूम मार्क किंवा खादी मार्क बघा. गोव्यात राहून कुणबी चौकड्याच्या कापडाकडे दुर्लक्ष करू नये असंही मला मनापासून वाटतं. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी साडीची ती वीण पुन्हा लोकांसमोर आणली. त्या लाल चौकड्याचा अर्ध्या बाहीचा शर्ट चवथीला किंवा जत्रेला फार सुंदर दिसतो.

फोटो झूम करून बघा. खिशाची चौकड अंगाच्या चौकडीशी जुळते का? बटणपट्टीच्या दोन्ही बाजूंच्या रेघा एका ओळीत येतात का? ही जुळवाजुळव करायला कापड जास्त लागतं. ती केलेली असेल तर कारखान्याने बाकी कामही बहुधा नीट केलेलं असतं. मॉडेलची उंची आणि त्याने घातलेली साईझ दिली असेल तर तीही नोंदवा. परीक्षणांत नुसते तारे बघू नका. ‘तीन धुण्यांनंतर’ किंवा ‘सहा महिन्यांनी’ असं लिहिणारा माणूस शोधा.

किमतीबद्दल एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यावरच्या कपड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. त्यामुळे २४९९ आणि २९९९ च्या दोन शर्टांत कापडाचा फरक वाटतो तेवढा असेलच असं नाही. मधला बराचसा पैसा कराचा असतो.

कधी मागवायचं

चवथीचे कपडे चवथीच्या आदल्या आठवड्यात मागवणं ही चूक मी दरवर्षी आजूबाजूला बघतो. कपडा येणार, घालून बघणार, धुणार, टेलरकडे जाणार, परत येणार. याला तीन आठवडे लागतात, आणि चवथीपूर्वीच्या पंधरवड्यात म्हापशापासून मडगावपर्यंत एकही टेलर नवीन काम घ्यायला तयार नसतो. सणाच्या सहा आठवडे आधी ऑर्डर द्या. लग्नाचा सूट असेल तर तीन महिने आधी.

पावसात पार्सल कंपाउंडच्या भिंतीवर ठेवून जातात. पत्त्यात वाड्याचं नाव, जवळचं देऊळ किंवा क्रॉस आणि ‘पार्सल बाल्कनीत आत ठेवावे’ एवढं लिहा. घरी कुणी नसेल तर ऑफिसचा पत्ता बरा.

पार्सल उघडल्यावर

उघडताना फोनवर सलग व्हिडिओ काढा, लेबल दिसेल असा. वाद झाला तर तोच कामाला येतो. टॅग कापू नका, अत्तर लावून बघू नका, देवाला दाखवायचा असेल तर कुंकू लावू नका.

आधी टेप. तुम्ही लिहून ठेवलेल्या मापाशी छाती, खांदा, उंची ताडून बघा. अर्ध्या इंचाचा फरक चालतो. मग शर्ट उलटा करा. आतल्या शिवणी दुमडून बंद केलेल्या आहेत की नुसतं ओव्हरलॉक मारलंय? दोन्ही चालतात, पण दुमडलेली शिवण जास्त टिकते आणि कातडीला टोचत नाही. एका इंचात किती टाके आहेत मोजा. बारापेक्षा कमी असतील तर शिलाई घाईची आहे. चांगल्या शर्टात सोळा-अठरा असतात. काजाच्या कडेला धागे सुटलेले नकोत. ‘काज’ हा शब्द मुळात पोर्तुगीज ‘काझा’वरून आलाय, आणि आमच्या जुन्या टेलरांच्या तोंडी बटणाला अजून ‘बुतांव’च असतो. बुतांव ओढून बघा. तो हलत असेल तर आजच पक्का करून घ्या.

कापडाची शंका असेल तर आतल्या शिवणीच्या दाबातून (शिवणीपलीकडे सोडलेल्या जादा कापडातून) एक धागा काढून सिंकजवळ चिमट्यात धरून जाळा. सुती आणि लिनन कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि कडक काळा मणी उरतो.

आता घालून बघा. आरशासमोर सरळ उभं राहून सगळेच कपडे बरे दिसतात. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी, तिथून खाली उतरली तर शर्ट मोठा. वरचं बटण लावल्यावर कॉलरमध्ये दोन बोटं सहज जावीत. बाही हात सोडून मनगटाच्या हाडापर्यंत. बाहेर सोडून घालायचा शर्ट पँटच्या चेनच्या मध्यावर संपावा. मग दोन्ही हात पुढे करून स्कूटरचं हँडल धरल्यासारखे बसा. पाठ ताणली जाते का, कफ हातावर वर सरकतो का, मागून शर्ट पँटमधून बाहेर येतो का? आपल्याकडे रोज स्कूटर चालवायची असते, त्यामुळे ही परीक्षा आरशापेक्षा महत्त्वाची. पँट घालून खाली मांडी घालून बसा. देवळात पंगतीला बसताना आसन उसवणं काय असतं, ते ज्याच्यावर गुदरलं त्यालाच ठाऊक.

बसत नसेल तर त्याच दिवशी परत करा. मुदत सात दिवसांची असते, काही ठिकाणी पंधरा. चुकीचा किंवा फाटका माल आला आणि विक्रेता टाळाटाळ करू लागला तर त्याच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निवारण व्हायला हवं. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण जिथे राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते, म्हणजे उत्तर गोव्यातल्याला पर्वरी आणि दक्षिणेतल्याला मडगाव. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही नाही.

आधी धुणं, मग टेलर

हाच तो क्रम, ज्याच्याबद्दल सुरुवातीला बोललो. कपडा ठेवायचा हे पक्कं झालं की टॅग काढा आणि एकदा धुऊन वाळवा, लिनन आणि जाड सुती पँट असेल तर दोनदा. सुती कापड पहिल्या एक-दोन धुण्यांत तीन ते पाच टक्के आटू शकतं. ४२ इंच लांबीच्या पँटवर पाच टक्के म्हणजे दोन इंच. आधी टेलरकडे उंची कापून घेतली आणि मग धुतली तर ती पँट घोट्यावर चढते आणि त्यावर उपाय नसतो. मी एक निळी लिनन पँट अशीच घालवली आणि त्यानंतर हा नियम कधी मोडला नाही.

टेलर निवडताना नवीन कपडे शिवणारा आणि दुरुस्ती करणारा यांत फरक करा. दुरुस्तीला वेगळा हात लागतो. शिवण उसवून, जुने टाके काढून, तोच धाग्याचा रंग आणि त्याच लांबीचे टाके घालणारा माणूस मिळाला तर त्याला धरून ठेवा. सुरुवातीला एक साधी जुनी पँट देऊन त्याचं काम बघा. आमचे टेलरमामा मशीनवर बसण्याआधी कपडा अंगावर घालायला लावतात, खडूची खूण करतात आणि पायात कुठले बूट असणार ते विचारतात. हा प्रश्न विचारणाऱ्यावर विश्वास ठेवावा.

काय बदलता येतं ते आधीच ठाऊक असलं की ऑनलाइन खरेदीच शहाणपणाने होते. पँटची उंची, मांडी आणि मोहरी बारीक करणं, कंबर इंच-दीड इंच आत घेणं सोपं. कंबर बाहेर सोडायची असेल तर मागच्या शिवणीत दाब किती आहे ते आधी बघावं लागतं. चांगल्या पँटमध्ये तिथे इंचभर तरी असतो. शर्टाच्या बाजू आत घेणं, मागे दोन प्लेट टाकणं, खालची उंची कमी करणं हेही सरळ काम. बाही आखूड करताना कफ काढून परत लावावा लागतो आणि बाहीवरची छोटी पट्टी आखूड होते, म्हणून इंचापेक्षा जास्त नको.

खांदा, मुंढा, कॉलर आणि आसन यांना हात लावू नये. खांदा मोठा असलेला शर्ट टेलर ‘करून देतो’ म्हणतोही, पण त्यासाठी बाही उसवून मुंढा नव्याने कापावा लागतो आणि शर्टाचा सगळा तोल जातो. यावरून खरेदीचा साधा नियम निघतो. शर्ट खांद्याला आणि पँट आसनाला व मांडीला बसते का ते बघून घ्या, बाकीचं टेलर करतो. दोन साईझांच्या मध्ये अडकलात तर मोठी घ्या. आत घेता येतं, नसलेलं कापड आणता येत नाही.

सूटच्या कोटाबद्दल थोडक्यात. कोट ऑनलाइन घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण वर्णनात ‘फ्यूज्ड’ आहे की ‘हाफ कॅनव्हास’ ते बघा. फ्यूज्डमध्ये कापडामागचा आकार धरणारा आतला पदर गोंदाने चिकटवलेला असतो, कॅनव्हासमध्ये तो टाक्यांनी जोडलेला असतो. उष्णतेने आणि धुलाईने हा गोंद सुटला की छातीवर फुगे येतात आणि ते कुठलीही इस्त्री बसवू शकत नाही. छातीच्या भागात कापडाचे पदर चिमटीत धरून हलकेच वेगळे करून बघा. मधे तिसरा सुटा पदर हाताला लागला तर कॅनव्हास आहे. इथल्या लग्नांसाठी पूर्ण अस्तराऐवजी अर्ध्या अस्तराचा, हलक्या लोकरीचा किंवा लिनन मिश्रणाचा कोट घ्या.

धुणं आणि डाग

लेबलवरची चिन्हं एकदा शिकून घ्या. टबातला आकडा म्हणजे पाण्याचं कमाल तापमान, टबात हात असेल तर हातानेच धुवायचं, त्रिकोणावर फुली असेल तर ब्लीच नको. इस्त्रीवर एक ठिपका म्हणजे साधारण ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००.

रोजचे शर्ट बटणं उघडून, उलटे करून, थंड पाण्यात, कमी पावडरीत धुवा. पावडर जास्त झाली तर ती कापडात राहते, ओल धरते आणि बुरशीला तेवढंच हवं असतं. घामाचा शर्ट टोपलीत गोळा करून टाकू नका. घरी आल्यावर खुर्चीच्या पाठीवर वाळू द्या, मग टोपलीत.

काखेतला पिवळेपणा हा नुसता घामाचा नसतो. घाम थांबवणाऱ्या रोलऑनमधलं अ‍ॅल्युमिनियम आणि घाम एकत्र येऊन तो बसतो. क्लोरीन ब्लीच घातलं की पिवळा अधिकच गडद होतो. एक भाग पांढरा व्हिनेगर आणि चार भाग पाणी यात अर्धा तास भिजवून मग नेहमीसारखं धुवा.

आता आपल्याकडचे खास डाग. तांबड्या मातीचा चिखल ओला असताना अजिबात घासू नका, तो धाग्यात शिरतो. पूर्ण वाळू द्या, ब्रशने झाडा, मग धुवा. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात लोह असेल तर पांढरे शर्ट हळूहळू तांबूस होतात. त्यावरही ब्लीच घालायचं नाही, ते गंज पक्का करतं. लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा, पण हे पांढऱ्यावरच. एक सावधगिरी: लिंबू किंवा व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा, रस सगळ्यात हट्टी. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बागेत चांगला शर्ट घालून जाऊच नये. पडलाच तर ताबडतोब गार पाण्याखाली धरा आणि साबणाची वडी लावू नका. वडीमुळे असे टॅनिनचे डाग कायम होतात. द्रव डिटर्जंट वापरा. चवथीला गणपतीवर फळापानांची माटोळी बांधताना लागणाऱ्या चिकालाही हेच लागू. फणसाच्या चिकाला मात्र आधी खोबरेल चोळून तो सैल करावा आणि मग धुवावं. हुमणाच्या (माशांच्या कढीच्या) हळदीचा डाग साबणाने लाल होतो, त्याने घाबरू नका. धुऊन कडक उन्हात ठेवा, हळदीचा रंग ऊनच खातं.

पावसाळा

गोव्यात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते, आणि जुलैत ती त्याच्या खाली क्वचितच येते. म्हणून कपड्यांची खरी काळजी मे महिन्यात घ्यायची.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, ऊन असताना, कपाट पूर्ण रिकामं करा. पावसाळ्यात न लागणारे कपडे, कोट, लोकरी पँट, सोवळ्याचं रेशमी, धुऊन किंवा ड्रायक्लीन करून पूर्ण कोरडे करा. न धुतलेला घाम बुरशीचं खाणं आहे. खळ घातलेले कुर्ते खळ काढून ठेवा, कसर खळीवरच येते. ड्रायक्लीनवाल्याची प्लास्टिकची पिशवी घरी आल्याबरोबर फेका, तिच्यात ओल कोंडते. कोटावर जुन्या सुती धोतराचं किंवा चादरीचं कव्हर घाला. रेशीम थेट उन्हात नको, सावलीत वारा द्या.

चिऱ्याच्या घरात नैर्ऋत्येची भिंत पावसाचा मारा खाते आणि ओल आत येते. कपाट त्या भिंतीला लावू नका आणि दुसऱ्या भिंतीपासूनही चार बोटं पुढे ओढा. कपडे कोंबू नका, दोन हँगरांमध्ये बोट जाईल एवढी फट हवी. लोखंडी हँगर खाऱ्या हवेत गंजतात आणि खांद्यावर न जाणारा डाग देतात, म्हणून लाकडी किंवा जाड प्लास्टिकचे घ्या.

डांबराच्या गोळ्या किडीसाठी असतात, बुरशीला त्या काही करत नाहीत. त्यासाठी ओल शोषणारं काहीतरी हवं. सिलिका जेलच्या मोठ्या पिशव्या रंग बदलल्यावर गरम करून पुन्हा वापरता येतात. कॅल्शियम क्लोराइडचे डबे जास्त ओल ओढतात, पण त्यांत पाणी साचतं, तेव्हा ते तळाला ठेवा आणि चामड्याच्या पट्ट्याजवळ नको. आमच्या आजीच्या काळी कपाटात दिवा लावून ठेवायचे. कापडाला लागला तर आग लागते, म्हणून मी ते करत नाही. पैसे घालायचेच तर एका खोलीसाठी डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणारं यंत्र, घ्या. सगळ्या घराचे चांगले कपडे त्या एका खोलीत ठेवले की झालं. कपाटात आर्द्रतामापक ठेवा, थोड्याशा पैशांत येतो. काटा ६५ च्या वर गेला की दारं उघडून पंखा लावायचा.

रोजचे कपडे धुताना मशीनची फिरकी शेवटी एकदा जास्तीची द्या. शर्ट दोरीवर घडी घालून टाकू नका. हँगरवर, बटणं उघडी, पंख्याखाली एकमेकांपासून वीतभर लांब ठेवा. लिनन थोडा दमट असतानाच इस्त्री करा, पण इस्त्रीची वाफ जाऊ न देता कपाटात लावू नका. अर्धा तास बाहेर टांगून मग आत.

तरीही ठिपके आले तर कपडा घराबाहेर नेऊन झाडा, म्हणजे बुरशी इतर कपड्यांवर उडणार नाही. लेबल परवानगी देत असेल तर ऑक्सिजन ब्लीचच्या कोमट पाण्यात भिजवा, धुवा, पहिलं ऊन पडेल त्या दिवशी वाळवा. रंगीत कापडावरचे जुने काळे ठिपके मात्र जात नाहीत.

ऑक्टोबरच्या पहिल्या कोरड्या आठवड्यात सगळं पुन्हा बाहेर काढून वारा द्यायचा. त्याच दिवशी टेप घेऊन छाती आणि कंबर पुन्हा मोजा आणि फोनमधली नोंद बदला. चवथीच्या नेवऱ्या आणि मोदकांनंतर कमरेचा आकडा बहुधा तोच राहिलेला नसतो, आणि लग्नाच्या हंगामाची ऑर्डर याच महिन्यात द्यायची असते.